दोर, कप्पी आणि खांद्याचे सांधे : एका खर्चाच्या नोंदीविषयी

न्यासाच्या यंदाच्या जमाखर्चपत्रकात 'लोकारोग्य व प्रतिबंधक उपक्रम' या शीर्षाखाली 'दोर, कप्प्या व कंबरपट्टे' अशी एक नोंद वाचकांस आढळेल. रकमेने ती मोठी नाही. क्ष-किरण यंत्राच्या देखभालीवर होणाऱ्या खर्चापुढे तर ती नगण्यच आहे. तरीही हिशेब विश्वस्त मंडळापुढे ठेवला गेला तेव्हा एका ज्येष्ठ विश्वस्तांनी चष्मा कपाळावर सारून विचारले, "व्यवस्थापक, रुग्णालयाला दोर कशाला हो लागतात? आवारातली विहीर तर आपण केव्हाच बुजवली." सभेत हशा पिकला. प्रश्न मात्र रास्त होता, आणि त्याचे समाधानकारक उत्तर त्या दिवशी मला देता आले नाही. देणगीदारांच्या पैशातून झालेल्या खर्चाचे उत्तर देणे हे माझे कर्तव्य आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आरंभीच नमूद करतो की मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे. सांध्यांविषयी जे पुढे लिहिले आहे ते आपल्या अस्थिरोग विभागातील डॉक्टरांनी व भौतिकोपचार तज्ज्ञ भगिनींनी मला समजावून सांगितले आहे. आकडेमोड तेवढी माझी.

आपले रुग्णालय ज्या पट्ट्यात आहे तेथे झाडावर चढणे हा छंद नसून चरितार्थाचा भाग आहे. नारळ पाडणे, पोफळीची शिपुटे उतरवणे, आंब्याची जुनी झाडे छाटणे, फणस काढणे, घरावर आलेली फांदी तोडणे अशी कामे वर्षभर चालू असतात. त्यातच ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या परिसरात किनाऱ्यावर येऊन धडकले. त्या एका दिवसात बागाच्या बागा आडव्या झाल्या हे सर्वांनी पाहिले. परंतु जी झाडे आडवी झाली नाहीत त्यांचा त्रास अधिक काळ पुरला. अर्धवट मोडून लोंबकळणाऱ्या फांद्या छपरांवर, विजेच्या तारांवर आणि गोठ्यांवर टांगलेल्या होत्या. त्या उतरवण्यासाठी सराईत माणसे पुरी पडेनात, म्हणून जे कधी चढले नव्हते तेही चढले. मे २०२१ मध्ये 'तौक्ते' वादळ किनाऱ्याला समांतर गेले आणि तोच प्रकार पुन्हा झाला.

त्या काळात अस्थिरोग विभागात आलेल्या रुग्णांचे दोन प्रकार होते. पहिला प्रकार पडलेल्यांचा. त्याविषयी सर्वांनाच हळहळ वाटते. दुसरा प्रकार न पडलेल्यांचा. खांदा वर जात नाही, कोपराच्या बाहेरील बाजूस कळ येते, मूठ आवळली की मनगट दुखते, उकिडवे बसले की गुडघा उठू देत नाही, अशा तक्रारी घेऊन येणारी ही माणसे. त्यांना अपघात झालेला नसतो. त्यांच्या नावे विम्याचा दावा नसतो, वर्तमानपत्रात बातमी नसते. काम मात्र बंद पडलेले असते, आणि बहुधा चाळिशी-पंचेचाळिशीतच. खर्चाची ही नोंद या दुसऱ्या प्रकारच्या रुग्णांसाठी आहे.

यांपैकी एका गृहस्थांचे उदाहरण देतो. नाव देत नाही. वय सत्तेचाळीस, धंदा आंब्याच्या बागांतील छाटणीचा. उजवा खांदा इतका दुखावलेला की सदरा घालताना पत्नीची मदत लागे. सहा आठवड्यांच्या व्यायामाने खांदा सुधारला, ते घरी गेले आणि दोन महिन्यांनी तीच तक्रार घेऊन परत आले. असे तीन वेळा झाले. तिसऱ्या खेपेस त्यांच्या पत्नी माझ्या टेबलासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही ह्यांना बरं करता नि हे पुन्हा तिथंच जातात. दुसरं काय करतील? आम्हांला जमीन नाही." आमच्या भौतिकोपचार तज्ज्ञांनी तेव्हा जे करायला हवे होते ते केले. त्या गृहस्थांबरोबर बागेत जाऊन ते चढतात कसे हे त्यांनी स्वतः पाहिले.

दिसले ते असे. जुन्या हापूसचे झाड चाळीस-पन्नास फूट उंच असते. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने अशा उंच व दाट झालेल्या झाडांच्या पुनरुज्जीवनासाठी छाटणीची शिफारस केलेली आहे. फळे काढण्यासाठी 'नूतन झेला' आहे, पण छाटणीला माणूस वर जावाच लागतो. हे गृहस्थ वरच्या बेचक्यातून दोर टाकीत, त्याचे एक टोक कमरेला बांधीत आणि दुसरे टोक हातांनी ओढून स्वतःला वर घेत. कमरेला दोर बांधण्याची काळजी ते घेत होते हे मोठेच कौतुकाचे. पण ओढण्याचा सारा भार दोन हातांवर, आणि दोर फांदीच्या खरखरीत सालीवरून घासत जाणारा. खांदा बिघडण्याचे कारण त्या घासण्यात होते.

ही दोन पदरी दोराची पद्धत परदेशांतील व्यावसायिक वृक्षारोहकही वापरतात. तिचे गणित सोपे आहे व मला ते फार आवडले. चढणाऱ्याचे वजन ७० किलो धरू. दोर फांदीवरून गेलेला, दोन्ही पदर खाली त्याच्यापाशी आलेले. फांदीवर घर्षणच नसते तर दोन्ही पदरांवर सारखा, म्हणजे ३५ किलो भार आला असता आणि त्याला ३५ किलोच ओढावे लागले असते. अर्थात एक मीटर वर जाण्यासाठी दोन मीटर दोर ओढावा लागतो; निसर्ग फुकट काही देत नाही. पण अर्ध्या वजनाची ओढ ही धडधाकट माणसाच्या आवाक्यातली गोष्ट आहे.

प्रत्यक्षात घर्षण असते, आणि ते बेरजेने वाढत नाही, चक्रवाढ व्याजासारखे वाढते. दोर एखाद्या गोल वस्तूला जितका जास्त वळसा घालतो तितक्या पटीने ओढ वाढत जाते, हे सूत्र लिओनार्ड ऑयलर या स्विस गणितज्ञाने अठराव्या शतकात मांडले. दाभोळच्या धक्क्यावर फेरीबोट लागताना ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे सूत्र ठाऊक आहे, फक्त नावाने नाही. खलाशी खुंट्याला दोराचे दोन-तीन वेढे घालतो आणि एका हाताने बोट धरून ठेवतो. ती ताकद हाताची नव्हे, वेढ्यांची. धक्क्यावर जे घर्षण खलाशाचा मित्र असते तेच फांदीवर चढणाऱ्याचा सावकार होते.

गणितासाठी खरखरीत सालीचा घर्षणांक ०.५ धरला आणि दोराने फांदीला अर्धा वळसा घातला आहे असे मानले, तर दोन पदरांतील ताणाचे प्रमाण जवळजवळ १ ला ४.८ येते. म्हणजे ७० किलोंपैकी अवघे १२ किलो बांधलेल्या पदरावर आणि ५८ किलो हातांच्या पदरावर. ३५ किलोंच्या जागी ५८! गुळगुळीत धातूच्या कडीवरून दोर नेला आणि घर्षणांक ०.२ धरला तर हीच ओढ सुमारे ४६ किलो होते. चांगल्या बेअरिंगच्या कप्पीवरून नेला तर सुमारे ३७ किलो. झाडाची साल, दोराची जात, ओलावा यांनुसार आकडे बदलतील. क्रम बदलणार नाही.

हिशेबाच्या भाषेत सांगायचे तर सालीवरून दोर ओढणारा माणूस शंभर रुपयांचे श्रम खर्च करतो तेव्हा साठ रुपये त्याला वर नेण्यात कामी येतात आणि चाळीस रुपये फांदी घासण्यात जातात. कडीवर ही तूट तेवीस रुपयांवर येते आणि कप्पीवर पाचांवर. शिवाय दोर वाटेत आणखी दोन फांद्यांना ओझरता टेकून प्रत्येकी तीस अंशांचा वळसा घेत असेल, तर मूळचे ४.८ हे प्रमाण थेट ८ च्या वर जाते. पाहणाऱ्याला वाटते की दोर नुसता टेकला आहे. खांद्याला मात्र ते समजते. म्हणून चढण्यापूर्वी दोराची वाट मोकळी करणे हे चढण्याच्या कौशल्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

आता सांध्यांकडे येऊ. हात डोक्याच्या वर नेला की खांद्याच्या हाडाच्या छपराखालची फट अरुंद होते. त्या फटीतून एका महत्त्वाच्या स्नायूची कंडरा जाते. हात वर नेलेल्या स्थितीत जोराची ओढ दिली, तीही दिवसातून शेकडो वेळा, तर ती कंडरा घासते, सुजते आणि अखेरीस विरते. गंमत अशी की सांध्यातही तीच कथा आहे : अरुंद जागेतून जाणारा दोर आणि त्यावर घासणारी कड. डॉक्टरांनी हे मला हाडांच्या सांगाड्यावर दाखवले तेव्हा मी म्हणालो, "म्हणजे इथेही कप्पी बसवायला हवी." ते म्हणाले, "इथे बसवता येत नाही म्हणून तर झाडावर बसवा." कोपर व मनगटाचे दुखणे मुठीतून येते. दोर जितका घट्ट आवळावा लागतो तितका अग्रबाहूच्या स्नायूंचा ताण कोपराच्या हाडावर, जेथे ते चिकटलेले असतात तेथे, जाऊन बसतो. ओढ ५८ किलोंवरून ३७ वर आली की मूठही तेवढी सैल होते.

फांदीवर कप्पी किंवा कडी बसवायची कशी, हा पुढचा प्रश्न. त्यासाठी जाड विणीचा एक पट्टा मिळतो. त्याच्या दोन टोकांना लहान-मोठ्या दोन कड्या असतात. पट्टा फांदीवर राहतो आणि दोर कड्यांतून सरकतो. आधी शिशाचे छर्रे भरलेली लहान पिशवी बारीक दोरीला बांधून योग्य बेचक्यातून पलीकडे फेकतात आणि त्या दोरीच्या मदतीने पट्टा व दोर जमिनीवरूनच वर चढवतात. लहान कडीतून न जाणारी गाठ दोराच्या टोकाला मारून काम संपल्यावर पट्टा खालूनच ओढून काढता येतो. चढण्यापूर्वी दोन माणसांनी एकदम लोंबकळून फांदी तपासायची. या व्यवस्थेत झाडाचाही लाभ आहे. दोर सालीवर घासला की चर पडतात, चीक वाहतो आणि आंब्याच्या खोडकिड्याला अंडी घालायला जखम आयती मिळते. बागायतदारांना माणसाच्या खांद्यापेक्षा हा मुद्दा लवकर पटला, हे मी नाराजीने लिहीत नाही. कोणत्याही मार्गाने पट्टा झाडावर गेला म्हणजे झाले.

परंतु घर्षण म्हणजे निव्वळ शत्रू अशी समजूत वाचकांनी करून घेऊ नये. माझी ती झाली होती आणि ती धोक्याची होती.

दोराचा हातांकडील पदर एका विशिष्ट गाठीतून गेलेला असतो. भार पडला की ती आवळते आणि वरून हाताने दाबली की सरकते. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने १९३१ मध्ये प्रसिद्धीस आणलेली गाठ या कुळातली सर्वांत परिचित. वृक्षारोहक आज तिचे अनेक सुधारलेले प्रकार वापरतात. चढणाऱ्याने हात सोडले तरी तो पडत नाही तो या गाठीमुळे, म्हणजे घर्षणामुळेच. उतरताना हीच गाठ ब्रेक होते. तेव्हा फांदीची साल मदतीला असेल तर ब्रेकवर ७० पैकी अवघे १२ किलो येतात. कप्पी बसवली की ३३ किलो येतात. जी कप्पी चढताना खांद्याचा भार हलका करते तीच उतरताना गाठीचा भार जवळजवळ तिप्पट करते. दहा मीटर उतरताना ७० किलोंच्या माणसाची सुमारे ६,८६० ज्यूल ऊर्जा उष्णतेत जाते. एक लिटर पाणी तेवढ्या ऊर्जेने पुरते दोन अंशही तापणार नाही. पण येथे ती काही ग्रॅम दोरीच्या एका गाठीत गोळा होते. कप्पी असेल तर जवळजवळ सगळीच तेथे येते. झपाट्याने खाली आल्यास गाठीची दोरी चकाकते, कडक होते, आणि वितळूही शकते. म्हणून कप्पी बसवणाऱ्याने गाठीसाठी उष्णता सोसणारी दोरी वापरलीच पाहिजे, गाठीचा एक वेढा वाढवला पाहिजे आणि उतरताना घाई टाळली पाहिजे.

या ठिकाणी माझी एक चूक कबूल करणे आवश्यक आहे. पहिल्या खरेदीच्या वेळी मी रीतीप्रमाणे तीन दरपत्रके मागवली आणि त्यांतील सर्वांत कमी दराचे मंजूर केले. आलेला दोर मच्छीमारांच्या उपयोगाचा होता. रंग सुरेख, वजनाने हलका, पाण्यावर तरंगणारा. पॉलिप्रॉपिलीनचा तो दोर सुमारे १६५ अंशांना वितळतो आणि उन्हात पडून राहिल्यास लवकर ठिसूळ होतो, ही माहिती दरपत्रकात नव्हती आणि मीही विचारली नव्हती. दुकानदाराने मागितले ते दिले, दोष मागणाऱ्याचा. शिकवण्यासाठी आलेल्या वृक्षारोहकाने दोर हातात घेतला, नखाने खरवडला आणि शांतपणे बाजूला ठेवला. नंतर पॉलिएस्टरच्या विणीचा, साडेअकरा ते तेरा मिलिमीटर जाडीचा, आरोहणासाठीच बनवलेला दोर घेतला. तो सुमारे २५५ अंशांपर्यंत टिकतो. गाठीसाठी ॲरामिड धाग्याची दोरी घेतली, जी वितळतच नाही. फरकाची रक्कम पत्रकात स्वतंत्र दाखवली आहे. पहिला दोर आता धुलाईघरामागे चादरी वाळत घालण्यासाठी बांधला आहे, आणि तेथे तो उत्तम काम देतो.

एवढे सारे हातांविषयी झाले. खरा फायदा मात्र हातांचे काम पायांकडे सोपवण्यात आहे. मांडीचे स्नायू शरीरातील सर्वांत बलवान स्नायूंपैकी आहेत. झाडावर हातांनी स्वतःला ओढून नेणे म्हणजे शिपायाकडून हमालाचे काम करून घेणे. पायाच्या घोट्यावर बांधायची एक लहान पकड मिळते. ती दोरावर वर सरकते, खाली सरकत नाही. पाय उचलायचा, दोर पकडीत येतो, आणि जिन्याची पायरी चढावी तसे उभे राहायचे. हात केवळ तोल सांभाळतात. याच तत्त्वावर दुसरी पद्धत उभी आहे. तिच्यात दोर हलत नाही. तो एका जागी पक्का बांधलेला असतो आणि माणूस एका पायाला घोट्याची व दुसऱ्याला गुडघ्याची पकड लावून शिडी चढावी तसा त्यावरून चालत जातो. दोर फांदीवरून सरकतच नसल्याने फांदीचे घर्षण त्याच्या श्रमात येत नाही. दोन मीटर ओढून एक मीटर चढण्याचा प्रकारही नाही.

या पद्धतीचे दोन धोके शिकवणाऱ्याने पहिल्याच दिवशी फळ्यावर लिहिले. पहिला फांदीचा. दोराचे दुसरे टोक झाडाच्या बुंध्याला बांधले असेल तर वरच्या फांदीवर माणसाच्या वजनाइतका नव्हे, त्याच्या दुपटीपर्यंत भार येऊ शकतो. एका पदरावर माणूस, दुसऱ्या पदरावर त्याला तोलून धरणारा ताण. ७० किलोंच्या माणसासाठी फांदीने १४० किलो सोसले पाहिजेत, आणि वरच्या बाजूस कप्पी जितकी चांगली तितका हा आकडा पुरा होतो. वादळात पिळवटलेल्या फांदीवर हा हिशेब चुकवून चालत नाही. दुसरा धोका गुडघ्याचा. घाईने मोठी पावले टाकली आणि गुडघा काटकोनापलीकडे वाकवून त्यावर उभे राहिले तर गुडघ्याच्या वाटीवर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट दाब येतो. खांदा वाचवून गुडघा घालवण्यात काय अर्थ? म्हणून पाऊल वीतभर उंचीचे असावे. वेळ जरासा जास्त जातो. रोजंदारीवर काम करणाऱ्याला 'जरासा' हा शब्द सांगणे सोपे नाही हे आम्ही जाणतो.

कंबरपट्ट्याविषयी थोडक्यात. कमरेभोवती नुसता दोर बांधून लोंबकळल्यास बरगड्या व पोट आवळले जाते. रुंद पट्ट्यांची, मांड्यांना वेगळे आधार असलेली बैठक हवी. तीतही हालचाल न करता लटकून राहणे घातक असते. पायांत रक्त साचते आणि माणूस शुद्ध हरपू शकतो. म्हणून एकट्याने कधीही चढू नये, आणि खाली थांबलेल्या माणसाला वरच्याला उतरवण्याची पद्धत ठाऊक असावी. ती ठाऊक नसलेला सोबती हा केवळ प्रेक्षक होय.

पाडेली बंधू विचारतील की आमच्या माडाचे काय. प्रश्न योग्यच आहे, कारण माडाला व पोफळीला फांदी नाही, बेचके नाही, दोर टाकावा कशावर? तेथे घर्षण कमी करायचे नसून योग्य जागी वाढवायचे असते. पारंपरिक पद्धतीत पायांत काथ्याचा फास अडकवून तळवे खोडावर दाबतात आणि हातांनी खोडाला मिठी मारतात. छाती, दंड व पावलांना घट्टे पडतात. घोटे आत वळलेले आणि गुडघे बाहेर फाकलेले अशा अवस्थेत सारे वजन पेलावे लागते. केरळातील कण्णूर जिल्ह्यातल्या चेंबेरी येथे एका शेतकऱ्याने बनवलेले यंत्र या बाबतीत फार उपयोगी ठरले आहे. दोन पायांसाठी दोन चौकटी, प्रत्येकीला खोडाभोवती जाणारा तारेचा फास. वजन पडले की फास आवळतो, पाय उचलला की सैल होतो. माणूस सरळ उभा राहून चढतो. नारळ विकास मंडळाने २०११ मध्ये 'नारळवृक्षाचे मित्र' या आशयाचा प्रशिक्षण कार्यक्रम सुरू केला, त्यात अशा यंत्राचा वापर शिकवण्यात आला. मात्र यंत्र असले तरी खोडाभोवती वेगळा सुरक्षापट्टा हवाच. पोफळीच्या बागेत एका झाडावरून झुलून दुसरे पकडणाऱ्या कसबी माणसांना हे यंत्र गैरसोयीचे वाटते, आणि त्यांच्यासाठी आमच्यापाशी अद्याप नीटसा उपाय नाही. हे येथे लपवून ठेवण्याचे कारण नाही.

रुग्णांच्या नातेवाइकांसाठी एक सूचना या निमित्ताने द्यावीशी वाटते. झाडावरून पडलेल्या माणसाला दोघांनी खांद्याला व पायांना धरून उचलू नये, रिक्षात दुमडून बसवू नये. पाठीचा कणा मोडला असेल तर मज्जारज्जूची हानी अशा उचलण्यात होते किंवा वाढते. १०८ क्रमांकास दूरध्वनी करावा, तोवर मान व पाठ हलू देऊ नये. हलवणे अटळच असेल तर फळीवर किंवा दारावर सरळ निजवून, तीन-चार जणांनी एकदम उचलून हलवावे.

आता ज्या गृहस्थांपासून आरंभ केला त्यांच्याविषयी. त्यांना प्रथम हा सारा प्रकार पोरखेळ वाटला. "साहेब, एवढं सामान झाडाखाली मांडीपर्यंत माझी एक फांदी उतरते," असे ते मला म्हणाले, आणि पहिल्या दिवशी ते खरेही ठरले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी घोट्याची पकड स्वतःहून मागून घेतली. कप्पी त्यांना अजूनही आवडत नाही; उतरताना ती फार धावते असे त्यांचे म्हणणे आहे, आणि वरील हिशेब पाहता ते चूक नाही. ते कडीवर समाधानी आहेत. म्हणजे ५८ किलोंची ओढ ४६ वर आली, आणि त्यातला बराच भाग आता पाय देतात. खांदा पूर्ण बरा झाला असे डॉक्टर म्हणत नाहीत. विरलेली कंडरा नव्याने विणली जात नाही. परंतु गेल्या हंगामात ते एकदाही या कारणाने विभागात दाखल झाले नाहीत, आणि सदरा स्वतःचा स्वतः घालतात. त्यांच्या पत्नी यंदा आल्या त्या फणसाचे गरे घेऊन. गरे कार्यालयात वाटले, जमाखर्चात दाखवले नाहीत.

त्या सभेतील ज्येष्ठ विश्वस्तांना मी हा सर्व हिशेब नंतर कागदावर मांडून दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला, चक्रवाढ व्याजाच्या ओळीखाली पेन्सिलने रेघ ओढली आणि विचारले, "दोर किती वर्षं टिकतो?" नियमित वापरातील दोर डोळ्यांनी व बोटांनी प्रत्येक वेळी तपासावा लागतो, चर, चकाकी, कडकपणा किंवा फुगवटा आढळल्यास तो तत्काळ बाद करावा लागतो, आणि दोष न दिसला तरी उत्पादकाने नेमून दिलेली मुदत संपल्यावर तो ठेवता येत नाही. म्हणजे हा खर्च एकदाच करून मोकळे होण्यासारखा नाही. म्हणून पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकात घसाऱ्याच्या तत्त्वाने दोरांसाठी निधी राखून ठेवण्याचा प्रस्ताव त्यांनी स्वतः मांडला व तो मंजूर झाला.

सध्या रुग्णालयाकडे दोन पूर्ण संच आहेत. ते भौतिकोपचार विभागात ठेवलेले असून प्रत्येक दोराची स्वतंत्र नोंदवही आहे. प्रशिक्षण घेतलेल्या व्यक्तीस संच अनामत रकमेशिवाय, सही घेऊन दिला जातो. परत आल्यावर दोर हाताखालून संपूर्ण सरकवून पाहिल्याखेरीज तो पुन्हा कोणासही देऊ नये, असा लेखी आदेश मी काढला आहे, आणि त्या आदेशाची पहिली प्रत माझ्याच टेबलावर लावून ठेवली आहे.